तोंड पाहून रस्ता

कोथरूडमध्ये कर्वे रस्त्याच्या अलीकडे आमचे घर आहे आणि दूध, भाजी, वाचनालय व दातांचा दवाखाना हे सगळे पलीकडे आहे. त्यामुळे निवृत्तीनंतरचा बराचसा काळ मी एक पाय पदपथावर आणि एक पाय रस्त्यावर अशा अवस्थेत काढला आहे.

एकदा घरी बसून मी या प्रकरणाचे गणित मांडले. एका बाजूचा रस्ता १० मीटर आणि माझ्या गुडघ्यांचा वेग सेकंदाला एक मीटर धरला, तर दुभाजक गाठायला १० सेकंद लागतात; तेवढ्या वेळात ताशी ४० किलोमीटरने येणारी गाडी ११० मीटर अंतर कापते. म्हणजे मी पाऊल उचलताना ती निदान तेवढी लांब असायला हवी. आमच्या रस्त्यावर सलग ११० मीटर मोकळी जागा मी शेवटची पाहिली ती २०२० सालच्या टाळेबंदीत, आणि तेव्हा पलीकडे जायलाच बंदी होती.

म्हणून अंतर मोजण्याचा नाद सोडून मी गाड्यांची तोंडे वाचू लागलो.

पाण्याचा टँकर दिसला, की मी दोन्ही पाय पदपथावर घेतो. पोचे पडलेला पत्रा, चिकटपट्टीने धरून ठेवलेला दिवा, मागून गळणारी धार आणि पुढे लोंबणारी लिंबू-मिरची असे त्याचे रूप असते. ज्याची भिस्त ब्रेकपेक्षा मिरचीवर अधिक आहे, त्याच्या वाटेला मी कशाला जाऊ? याउलट लाल ‘एल’ लावलेली मोटार शाळेची गाडी दिसली, की मला झेब्रा पट्ट्यांपेक्षाही त्या अक्षराचा आधार वाटतो. ती हळू येते, बहुधा माझ्यासमोर आपोआप बंद पडते आणि मुख्य म्हणजे तिच्यात ब्रेक दाबायला दोन माणसे बसलेली असतात. फुलांनी मढवलेली नवरदेवाची गाडीही चांगली. परगावच्या पाटीची गाडी तर उत्तमच, कारण तिचा चालक डोके बाहेर काढून पत्ता शोधत असतो आणि मी पलीकडे जाता जाता त्याला तो सांगूही शकतो. (बरोबर सांगतो की नाही, हा वेगळा विषय आहे.)

या विद्येवर माझा इतका विश्वास बसला होता, की एके सकाळी एक स्कूटर येताना पाहून मी निःशंकपणे रस्त्यात उतरलो. स्कूटर जुनी, राखाडी रंगाची होती. पुढच्या पिशवीतून दुधी भोपळा आणि कढीलिंब डोकावत होते. इतके सात्त्विक वाहन मी बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते. ते माझी छत्री उडवून पुढे जाऊन थांबले आणि वरचे गृहस्थ ओरडले, “आजोबा, दिसत नाही का?” मी म्हणालो, “दिसत होती हो, पण सज्जन दिसत होती.”

नंतर वाचनालयात याचा उलगडा झाला. सारख्याच वेगाने येणाऱ्या दोन वस्तूंपैकी मोठी वस्तू आधी पोहोचेल आणि लहान वस्तूला अजून अवकाश आहे, असे माणसाला वाटते म्हणे. म्हणजे टँकर मला भिववत होता आणि दुधी मला फसवत होता.

तोंडाचा भरवसा गेल्यावर मी चालकाचे डोळे पाहायचे ठरवले. काचांवर काळी फिल्म लावायला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच मनाई केली आहे. तरीही काही काचांत मला चालकाऐवजी स्वतःचेच घाबरलेले तोंड दिसते. तोक्यो विद्यापीठातील संशोधकांनी तर २०२२ साली गोल्फच्या मैदानावरील एका गाडीला पुढून दोन मोठे यांत्रिक डोळेच बसवले. गाडीने आपल्याकडे पाहिले तर निघायचे आणि नजर दुसरीकडे असली तर थांबायचे, असा त्यांच्या प्रयोगाचा हिशेब होता. मी हे मोठ्या उत्साहाने पत्नीला सांगितले.

“अहो, जपानात ठीक आहे,” ती म्हणाली. “इथे आपण गाडीकडे पाहिले, की गाडीला कळते, यांनी आपल्याला पाहिले आहे. मग ती कशाला थांबेल?”

तिची स्वतःची पद्धत याच सिद्धांतावर उभी आहे. ती रहदारीच्या बाजूचा हात किंचित वर करते, नजर पलीकडच्या कोथिंबिरीवर ठेवते आणि चालू लागते. बस, रिक्षा, टेम्पो, कुणाच्याही रूपाचा ती विचार करत नाही.

काल आम्ही दोघे दूध आणायला निघालो होतो. ती नेहमीप्रमाणे पलीकडे गेली आणि मी तिच्यामागून उतरणार, एवढ्यात टँकर आला. तो चक्क थांबला. चालकाने हात हलवून “या काका” असे म्हटले. मी त्याची लिंबू-मिरची पाहिली आणि नम्रपणे म्हणालो, “नाही, तुम्ही व्हा पुढे.” तो म्हणाला, “काका, थांबलोय ना तुमच्यासाठी?” मी म्हणालो, “तेच तर कळत नाही, कसे काय थांबलात.” मागे भोंग्यांचा कल्लोळ सुरू झाला. शेवटी तो माझ्याकडे पाहून मान हलवत निघून गेला, आणि त्याच्या मागोमाग एक स्कूटर आली, जिच्या पिशवीतून पालकाची जुडी डोकावत होती. मी पाय वर घेतला.

तोवर पत्नी दूध घेऊन परत आली होती.