आजीच्या इरकली नऊवारीच्या ड्रेसबद्दल

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय वाचला. आजीच्या इरकली नऊवारीतून लेकीसाठी घेरदार ड्रेस शिवून घेतलात आणि आम्हाला एक तारा दिलात. नऊवारातून एकच ड्रेस निघाला, पदर कापून वेगळा लावला, पहिल्याच कार्यक्रमात काखेजवळ कापड फाटलं आणि २,२०० रुपये शिलाईत नवा ड्रेस आला असता, असं तुमचं म्हणणं. आजीची साडी फाटली की जीव तुटतो, ते मी समजते. घरातली जुनी साडी कात्रीखाली द्यावी का, असा विचार करणारे इतरही हे वाचतील, म्हणून सविस्तर लिहिते.

नऊवार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. नव्या कापडात त्यातून दोन ड्रेस सहज बसले असते. पण नेसलेली साडी सगळीकडे सारखी झिजत नाही. काष्टा मागे खोचतात ती जागा, बसता-उठता घासला जाणारा भाग, रोजच्या निऱ्या, तिथलं सूत आधी विरतं. साडी आली की आम्ही ती उजेडासमोर धरतो, दोन्ही अंगठ्यांनी उभी-आडवी ताणून बघतो आणि कच्च्या जागांवर खडूने खुणा करतो. तुमच्या साडीचा मधला बराच भाग खुणांनी भरला होता. शिवाय खळ न काढता ती ट्रंकेत राहिली, त्यामुळे घड्यांवर कसर लागली होती. बेतण्याआधी हे सगळं तुम्हाला दाखवलं होतं. तो भाग वापरून मी दोन ड्रेस दिले असते तर दोन्ही टिकले नसते.

आता पदर. इरकलीत अंगाचे उभे धागे वेगळे असतात आणि पदराचे वेगळे. विणकर फासे घालून ते एकमेकांत अडकवतो. इरकली जिथली, त्या कर्नाटकातल्या इलकलच्या मागांवरचं हे कसब मला आजही थक्क करतं. साडी नेसली की ती जोडाची रेष छान सांभाळली जाते. जुन्या कापडात मात्र तिच्यावर कात्री आणि शिवण आली की फासे सुटू लागतात. म्हणून लाल पदर सोडवून, मागे मलमलचं अस्तर देऊन तो छातीवर लावला. तिथला जोड दिसतो, आणि तो दिसावा असंच माझं मत आहे.

काखेचं तुमच्या फोटोवरून सांगते. शिवण शाबूत आहे, तिच्या शेजारचं कापड गेलंय. जुनं सूत अंगालगत ताणलं की असंच जातं, म्हणून मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो घेर, सैल ठेवला होता आणि आत जास्त माया, म्हणजे शिवणीपलीकडचं जादा कापड, सोडली होती. फोटोत बाही आवळलेली दिसते आणि तिच्यावर दुसऱ्या दोऱ्याची टीप आहे. मुलीला ड्रेस नीट बसावा म्हणूनच ती कुणाकडून घालून घेतली असेल, पण हे कापड तेवढा ताण सोसत नाही.

दराबद्दल: रिठ्याच्या पाण्यात खळ काढणं, सावलीत वाळवणं, विरलेल्या जागा चुकवत बेतणं, प्रत्येक तुकड्यामागे हाताने अस्तर टाचणं, एवढं झाल्यावर आमच्याकडच्या बायका मशीनवर बसतात. त्यांची मजुरी कापून मी दर खाली आणणार नाही, आणि पूर्ण झालेल्या कामाचे पैसे परतही करणार नाही.

ड्रेस मात्र दुरुस्त होईल, आणि त्याचे पैसे लागणार नाहीत. बाहीची टीप उसवू, आतली माया सोडू, काखेत काठाच्या पट्टीची चौकोनी कळी, म्हणजे सैलपणासाठीचा जोडतुकडा, घालू. लेकीला सोबत आणा, माप अंगावरच घेऊ. तोवर ड्रेस मशीनमध्ये धुऊ नका आणि हँगरला टांगू नका, खांद्यावर घेराचं वजन येतं.

ड्रेसबरोबरच्या पिशवीत साडीचा मधला भाग घडी करून दिला आहे. तो कृपा करून टाकू नका. खाली एखादी जुनी सुती साडी घेऊन दाट धावदोरा घातला तर त्याची सुंदर गोधडी होते. टाके जवळजवळ असले की ताण वाटला जातो आणि विरलेलं कापडही धरून राहतं. घरी जमणार नसेल तर पिशवी घेऊन या, आमच्याकडे गोधडी शिवणाऱ्या मावशी दुपारी असतात. दुकान सोमवारी बंद असतं.