हार घातलेला तो फोटो आधी काढा

सकाळपासून डोकं ठिकाणावर नाही म्हणून लिहायला बसलोय. लांब होईल. ज्याला वाचायचं त्याने वाचा.

काल आपल्या क्लबने फुटबॉलची मॅच घालवली. ओळीने चौथी. क्लबचं नाव इथे लिहीत नाही, आपल्या तालुक्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही. रात्री साडेदहाला ग्रुपवर कोचचा फोटो आला. फोटोला चंदनाचा हार, खाली समई, वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. आणि त्याखाली हसून हसून रडणाऱ्या तोंडांची रांग. सगळी ओळखीची नावं. त्यातले चारपाच जण तर शाळेत या माणसाच्या शिट्टीवर कवायत करून मोठे झालेत.

अरे, माणूस जिवंत आहे. त्याची मुलगी बारावीला आहे आणि तिच्याकडेही फोन आहे.

मी रात्री फोटो पाहिला आणि गप्प बसलो. सकाळी फोंड्याच्या मासळी बाजारात गेलो तर सर समोरच, बांगडे घेत होते. मासेवालीने बांगडे पिशवीत टाकता टाकता सरळ विचारलं, “सर, तुमकां काडले खंय?” काढलं म्हणे तुम्हाला, असं. सर हसले. “अजून ना गो,” म्हणाले. तिने सुटे पैसे हातावर ठेवले, ते त्यांनी न मोजताच खिशात टाकले. वळले तर मागे मी. “काय रे, बरा मरे?” एवढंच. माझ्या खिशात फोन, फोनमध्ये तो फोटो. मला त्यांच्याकडे बघवेना.

तेव्हापासून २०१५ ची इंडियन सुपर लीगची फायनल डोक्यातून जात नाही.

२० डिसेंबर २०१५. मडगावचं फातोर्डा स्टेडियम. एफसी गोवा आणि चेन्नईयन. आमच्यातले बरेच जण तिथे होते, जे नव्हते तेही होतो म्हणून सांगतात. मी बाबांना घेऊन गेलो होतो. बाबा तरुणपणी गावच्या टीमचे गोली, पण स्टेडियमवर यायला कधी राजी नसायचे. त्या दिवशी कसे कोण जाणे, आले. आपला गोली कट्टीमनी, त्याने पेनल्टी अडवली तेव्हा बाबा उभे राहिले होते. त्यांना तसं उभं राहिलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेचा गोल, आपण २-१. शेजारचा अनोळखी माणूस माझ्या गळ्यात पडून रडत होता. चषक आपलाच, फक्त पंच शिट्टी कधी मारतो एवढंच राहिलं होतं. आणि मग ९० व्या मिनिटाला बॉल त्याच कट्टीमनीच्या हाताला लागून आपल्याच जाळ्यात. पाठोपाठ इंज्युरी टाइममध्ये चेन्नईयनच्या मेंडोझाचा गोल. २-३. संपलं.

मी कट्टीमनीला शिव्या घातल्या. उभा राहून, गळ्याच्या शिरा ताणून. आपलाच गोंयकार पोरगा, पण त्याच्या सात पिढ्या काढल्या. बाबा शेजारी बसून होते. एक शब्द बोलले नाहीत. पार्किंगपर्यंत नाहीत, स्कूटरवर बसल्यावरही नाहीत.

ते पुढे सांगतो. आधी कोचबद्दल बोलू, कारण ‘कोच बदला’ म्हणणाऱ्यांचा मला आज खरंच राग आलाय.

कोच काढला की टीम सुधारते हे कुठल्या देवळातल्या प्रसादाने ठरलं? धेंपो क्लबचे कोच आर्मांदो कुलासो आठवतात का? धेंपोने त्यांच्या हाताखाली २००५ ते २०१२ मध्ये पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद आणलं. पाच. मोहन बागान, ईस्ट बंगाल गोव्यात यायला घाबरायचे. ती टीम काय दोन महिन्यांत उभी राहिली? त्या माणसाला वर्षांमागून वर्षं दिली म्हणून राहिली. २०१३ ला ते गेले आणि २०१५ ला धेंपो आय-लीगमधून, म्हणजे तेव्हाच्या वरच्या राष्ट्रीय लीगमधून, खाली. मधल्या काळात कोच बदलले नव्हते असं नाही.

एफसी गोवाचे कोच लोबेरा, त्यांचं घ्या. जानेवारी २०२० संपता संपता त्यांना काढलं. टीम तळाला होती का? तक्त्यात वर होती! लीगच्या तीन मॅच बाकी होत्या. कोरोसारखा गोल करणारा, डोळ्यांचं पारणं फिटेल असा खेळ, आणि माणूस घरी. हो, आता कोणीतरी म्हणणारच की हंगामी कोच क्लिफर्ड मिरांडाने उरलेल्या मॅच काढल्या, जमशेदपूरला ५-० हरवलं, लीगमध्ये पहिलं येण्याची शिल्ड आली, आशियाई चॅम्पियन्स लीगचं दार उघडलं. मान्य. क्लिफर्ड आपलाच, त्याचा मलाही अभिमान आहे. पण पुढच्याच हंगामात तोच लोबेरा मुंबई सिटीला घेऊन गोव्यात आला, उपांत्य फेरीत आपल्यालाच पेनल्टीवर बाहेर काढलं आणि फातोर्ड्याच्या मैदानावर चषक उचलला. आपल्या मैदानावर! कोविडमुळे आत कोणाला सोडत नव्हते म्हणून बरं, नाहीतर ते डोळ्यांनी बघावं लागलं असतं.

आणि हे झालं मोठ्या क्लबांचं, पैसेवाल्यांचं. आपल्या सरांना काय मिळतं? मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. दोन महिन्यांचं मानधन अजून दिलेलं नाही. पहाटे साडेपाचला मैदानावर येतात, नेट स्वतः बांधतात, मग शाळेत जातात. हंगाम सुरू व्हायच्या आधी स्ट्रायकर बोटीवर नोकरीला गेला, लेफ्ट बॅक पोर्तुगीज पासपोर्ट काढून लंडनला. त्यांनाही दोष देता येत नाही, पोट आहे. जे राहिले त्यातले अर्धे कामावरून सुटेपर्यंत काळोख पडतो आणि मैदानावरचे दोन दिवे पावसापासून बंद. वीस जणांची टीम सरावाला सात जणांची होते. या सगळ्याबद्दल ग्रुपवर कधी एक ओळ आली? हार मात्र लगेच सापडला.

चूक त्यांची नाहीच असं मी म्हणत नाही. बदली खेळाडू उशिरा उतरवतात. काल ७० व्या मिनिटाला मिडफिल्डमधला पोरगा चालतसुद्धा नव्हता, सगळं मैदान बघत होतं आणि सर बघत नव्हते. जुन्या पोरांवर जरा जास्तच जीव आहे त्यांचा. हे त्यांच्या तोंडावर बोला, मीही बोलेन. मॅचनंतर जाऊन बोलायला कोणी अडवलंय? ते ऐकून घेतात, उलट बोलत नाहीत. पण तोंडावर बोलायला जीभ टाळ्याला चिकटते आणि रात्री साडेदहाला बोटं चालतात.

आता फातोर्ड्याची राहिलेली गोष्ट.

आम्ही मडगावहून बोरीच्या वाटेने येत होतो. बोरीच्या पुलावर पोचल्यावर बाबांनी पाठीवर थाप मारली, थांब म्हणून. मी स्कूटर कडेला घेतली. त्यांना बरं नाही असं वाटलं मला. ते उतरले, कठड्याला टेकून उभे राहिले. खाली जुवारी, काळोख, लांब एका बार्जचा दिवा. मग म्हणाले, “तुवें ताका गाळी कित्याक दिल्यो?” त्याला शिव्या का दिल्यास, असं.

मी काहीतरी बोललो. की हातातला बॉल होता, की फायनल होती. तेव्हा त्यांनी सांगितलं. लग्नाच्या आधीची गोष्ट. गावांच्या स्पर्धेची फायनल, कापणी झालेल्या शेतात, बांधावर सगळा वाडा बसलेला. शेवटच्या मिनिटाला साधा, हळू येणारा बॉल त्यांच्या हातातून निसटून पायांमधून गेला. मॅच गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या फाटकाला फाटक्या चपलांची माळ बांधलेली. कोणी बांधली ते त्यांना कधीच कळलं नाही. म्हणजे कळलं असावं, सांगितलं नाही.

माळ आधी आजीने पाहिली. सडा घालायला बाहेर आली होती. तिने ती सोडवली आणि परसातल्या माडाच्या आळ्यात पुरली. कोणाला उठवलं नाही. बाबा खिडकीतून बघत होते हे तिला माहीत नव्हतं. ती गेली तरी बाबांनी तिला हे सांगितलं नाही, तिनेही कधी विषय काढला नाही. त्यानंतर बाबा गोलमध्ये उभे राहिले नाहीत. हात बरा नाही म्हणून सांगत राहिले. आम्ही लहानपणी त्या दुखऱ्या हाताची चेष्टा करायचो.

पुलावरून घरी येईपर्यंत पुन्हा कोणी बोललं नाही. तो माड अजून आहे. त्याचे नारळ आम्ही खातो.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. बाबांना विचारून लिहितोय.

आता मघासारखा राग राहिला नाही. लिहिताना उतरला बहुतेक. ज्याने तो फोटो केला तो पोरगा वाईट नाही, मला माहीत आहे. गेल्या चवथीला आमच्याकडे आरतीला घुमट त्यानेच वाजवलं. टीम हरते तेव्हा त्याला जेवण जात नाही हेही माहीत आहे. मलाही जात नाही. चार मॅच हरल्यावर माणसाला कुठेतरी राग काढावासा वाटतो, मी काय वेगळं केलं होतं फातोर्ड्यावर? कट्टीमनीला माझं ओरडणं ऐकू गेलं नसेल एवढीच माझी सुटका. सरांच्या मुलीला फोटो दिसायला फक्त एक फॉरवर्ड पुरतो.

कमिटीने मीटिंग घेऊन सरांना काढायचं ठरवलं तर काढा, तो कमिटीचा अधिकार आहे. मी विरोधात हात वर करीन आणि हरलो तर गप्प बसेन. त्याआधी दोन महिन्यांचं मानधन हातात द्या आणि इतकी वर्षं राबल्याबद्दल नारळ, शाल देऊन, चार माणसांत नाव घेऊन पाठवा. मोबाईलवर हार घालून नाही.

ॲडमिनना मेसेज केलाय. रात्री दहापर्यंत फोटो गेला नाही तर मी ग्रुप सोडतोय. वर्गणी देणं बंद करणार नाही, दिव्यांच्या दुरुस्तीसाठी काढणार असाल तर माझे पैसे आधी घ्या.

रविवारी साडेचारला मॅच आहे. घरची मॅच. मी बाबांना विचारलं, येणार का. फातोर्ड्यानंतर ते कुठल्याच मैदानावर आलेले नाहीत. बराच वेळ काही बोलले नाहीत, सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, गोलच्या मागे खुर्ची टाकून द्याल तर येतो.

खुर्ची घेऊन मी चारला पोचतोय.