गिरणारेच्या साइटवरचा नेटवर्क बॉक्स, 1 स्टारचा रिव्ह्यू आणि आमचं म्हणणं

सर नमस्कार. आमच्या अंबडच्या (नाशिक) शॉपने बनवून तुमच्या फार्महाऊसवर बसवलेल्या नेटवर्क बॉक्सचा, म्हणजे नेटवर्क स्विच (नेट आणि कॅमेऱ्यांच्या वायरी जोडायचं यंत्र) ठेवायच्या लोखंडी पेटीचा, रिव्ह्यू वाचला. "पहिल्याच मोठ्या पावसात बॉक्समध्ये पाणी, स्विच जळाला, साडेचार हजार अक्षरशः पाण्यात, अंबडच्या या लोकांना वॉटरप्रूफ म्हणजे काय तेच माहीत नाही" असं तुम्ही लिहिलंय. ऐन पावसात फार्महाऊसचं नेट गेलं, कॅमेरे बंद पडले, त्रास झाला, त्याबद्दल मनापासून सॉरी.

पण सर, पाणी कुठून आलं ते तुम्ही लिहिलंच नाही. तुम्ही फोन केल्यावर आमचा मुलगा भर पावसात गिरणारेला आला होता, त्याने तुमच्यासमोरच बॉक्स उघडला. बॉक्सच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या पत्र्याला, एक होल होतं, त्यातून चौथ्या कॅमेऱ्याची वायर आत घेतलेली आणि भोवती काळी टेप गुंडाळलेली. ते होल आमचं नाही. आम्ही एकही होल वरून मारत नाही, सगळे ग्लँड (वायरीभोवती आवळून बसणारं तोंड) खालच्या बाजूला, वायरसुद्धा आधी खाली लोंबवून मग वर ग्लँडमध्ये घेतो, म्हणजे वायरीवरून येणारं पाणी त्या झोळातूनच खाली गळून जातं. तुमच्या कॅमेरावाल्याची वायर छतावरून सरळ खाली आली आणि सरळ बॉक्समध्ये घुसली, मग पाणी दुसरं कुठे जाणार?

तुम्ही तेव्हा म्हणालात की होल आधीपासूनच असेल. हे मला लागलं सर. आमचं काम असं चालतं की पत्रा कापून, बेंड करून, वेल्डिंग आणि सगळी होलं मारून झाल्यावरच पावडर कोटिंगला जातो, त्यामुळे आमच्या होलाच्या काठालाही कोटिंग चढलेलं असतं. त्या वरच्या होलाचा काठ उघडा पत्रा होता आणि गंज धरलेला. आणि स्विचवर ड्रिलचा लोखंडी किस पडलेला होता, म्हणजे स्विच आत असतानाच कोणीतरी ड्रिल चालवलंय. लोखंडी किस आणि पाणी दोन्ही सर्किटवर पडल्यावर स्विच जळणारच, फोटो आहेत माझ्याकडे, पण इथे टाकून तुम्हाला कमीपणा आणायचा नाही.

बरं, चौथ्या कॅमेऱ्याची सोय नव्हती का? होती. खाली एक जास्तीचा ग्लँड प्लग लावून ठेवलेला होता, फिटिंगच्या दिवशी तुमच्या वडिलांना दाखवलाही होता (काका फार चांगले आहेत, चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही). प्लग काढायचा, वायर घालायची, ग्लँड आवळायचा, पाच मिनिटांचं काम.

आयपी 65 (धूळ आणि पाण्यापासून संरक्षणाचं रेटिंग) वरूनही तुम्ही बरंच लिहिलंय. त्यातला 6 म्हणजे धूळ आत जात नाही आणि 5 म्हणजे कुठल्याही बाजूने पाण्याचा फवारा बसला तरी आतल्या वस्तूला नुकसान नाही. आम्ही त्या हिशोबाने बनवतो, दाराला रबर गॅस्केट असतं, आत टिश्यू पेपर ठेवून, दार लावून चारही बाजूंनी पाइपने पाणी मारतो, पेपर कोरडा निघाला तरच माल बाहेर. पण हे सगळं अख्ख्या बॉक्सचं आहे, वरून भोक पाडलेल्या छत्रीची गॅरंटी कोण देणार सांगा. दाराला आतून जे दव धरतं म्हणालात ते वेगळं, दिवसा बॉक्स तापतो, रात्री गार होतो आणि बाहेरची दमट हवा आत ओढतो, कितीही घट्ट बंद केला तरी हे होतं, त्यासाठीच खाली तो छोटा व्हेंट दिलाय. त्याच्यावर मुंग्या येतात म्हणून कोणीतरी चिकटपट्टी लावलीये, ती प्लीज काढा, त्याला आतून जाळी आहे.

किमतीचं एकच सांगतो. ऑनलाइन हजाराच्या आत मिळतो तो साधा प्लास्टिकचा, नाशिकच्या उन्हात एक-दोन उन्हाळ्यात पिवळा पडून तडकतो. आमचा 18 गेज जाडीचा पत्रा, शिवाय ग्लँड, क्लॅम्प, फिटिंग आलं. आणि "पैसे घेऊन वायफायचं यंत्र बाहेरच टांगलं" हे तर मी फिटिंगच्या आधीच बोललो होतो, लोखंडी पेटीत अँटेना ठेवली तर सिग्नल नीट बाहेर येणारच नाही, ते यंत्र मुळात बाहेर लावायचंच असतं.

असो. वरचा पत्रा बदलून देतो, मजुरी नाही, फक्त पत्रा आणि कोटिंगचे पैसे. स्विचचे पैसे मला देता येणार नाहीत, तो मी विकलेलाही नाही. इथून पुढे दारावर "वरून होल मारू नये" असं मराठीत मोठं स्टिकर लावायचं चाललंय, आणखीही काही सुधारणा करतोय. लहान शॉप आहे सर, तीन माणसांची घरं यावर चालतात, लोक स्टार बघूनच फोन करतात, तेवढं होलाचं रिव्ह्यूमध्ये लिहिलंत तर बरं होईल, स्टार वाढवा असं म्हणत नाही.

बॉक्स घेऊन कधीही या, फक्त शनिवारी शॉप बंद असतं. आणि तोपर्यंत ती वरची वायर काढून घ्या, टेपवर भरोसा ठेवू नका.