पाच वाजताची भूक आणि बिस्किटाचा पुडा

आपल्याकडे हेल्दी खाण्याचा विषय निघाला की लगेच पिझ्झा, बर्गर आणि वडापाव यांच्यावर सगळे तुटून पडतात. मला हे अजिबात पटत नाही. पिझ्झा कधीतरी येतो, वडापाव बाहेर गेल्यावर होतो, आणि खाताना प्रत्येकाला माहीत असतं की हे काही रोजचं खाणं नाहीये. माझं भांडण आहे ते रोज घरात येणाऱ्या आणि कुणीच जंक न म्हणणाऱ्या गोष्टींशी. सकाळच्या चहाबरोबर बिस्कीट, नाहीतर टोस्ट, नाहीतर खारी, मुलांच्या छोट्या डब्यात क्रीमचं बिस्कीट, शाळेतून आल्यावर नूडल्स, दुधात चॉकलेटी पावडर, संध्याकाळी फरसाण आणि परत चहा आणि परत बिस्कीट. जेवणात मात्र आपण सगळे पोळी-भाजी-वरण-भात खातो, म्हणून आपल्याला मनापासून वाटतं की आपण घरचंच खातो.

एकदा फक्त बिस्किटाचा पुडा उलटा करून वाचा. घटक पदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायची असा नियम आहे, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते पहिलं. साध्या ग्लुकोज बिस्किटावर पहिलं गव्हाचं पीठ म्हणून मैदा, मग साखर, मग पाम तेल, आणि खाली कुठेतरी इन्व्हर्ट सिरप, म्हणजे पुन्हा साखरच. शंभर ग्रॅम बिस्किटात साधारण पाव हिस्सा साखर असते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत ठेवता आली तर उत्तम, म्हणजे साधारण सहा चमचे. आता दोन वेळचा गोड चहा धरा, त्यात बुडवलेली बिस्किटं धरा, मुलांच्या बाबतीत ती दुधातली पावडर धरा, आणि कोल्ड्रिंक असेल तर विषयच संपला, कारण कोलाच्या 250 मिलीच्या एका बाटलीतच 25 ग्रॅमच्या आसपास साखर असते. आणि हे सगळं जेवणाच्या ताटाबाहेर चाललेलं असतं.

मला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो सांगू? आजारी माणसाला बघायला जाताना आपण बिस्किटाचा पुडा नेतो. दवाखान्यात कुठल्याही वॉर्डात जा, प्रत्येक पेशंटच्या उशाशी त्या लोखंडी कपाटावर तीन-चार पुडे रचलेले असतात. ताप आलाय, बिस्कीट दे. पोट बिघडलंय, टोस्ट दे. म्हातारी जेवत नाहीये, चहा-बिस्कीट तरी खा ग. पचायला हलकं म्हणून देतो आपण, आणि ते हलकं का तर त्यात चावण्यासारखं काहीच नाही, ना धड चोथा, ना नाव घेण्यासारखं प्रोटीन. ज्या माणसाला खरी ताकद पाहिजे त्याला आपण मैदा आणि साखर देऊन येतो, प्रेमाने देतो म्हणून कुणी बोलतही नाही. आमच्या आजीच्या काळात आजाऱ्याला मऊ भात, मेतकूट, तूप मिळायचं, नाचणीची आंबील मिळायची, मुगाचं कढण मिळायचं. कढणाला अर्धा तास लागतो. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, पण बघायला जाताना शहाळं न्या, पपई न्या, केळी न्या, किंवा सरळ घरून थर्मासमध्ये कढण करून न्या. मी तर आता नात्यात सगळ्यांना उघड सांगतो की काका-मावशी, पुडा नका आणू.

मग लोक म्हणतात की आम्ही साधं बिस्कीट खातच नाही, आम्ही डायजेस्टिव्ह खातो. तोही पुडा वाचा. बहुतेकांत थोडा कोंडा वाढवलेला असतो, बाकी मैदा, तेल, साखर तिथेच. ब्राऊन ब्रेड घेताना बघा की तो गव्हामुळे ब्राऊन आहे की कॅरामल रंगामुळे. मल्टिग्रेन लिहिलंय तर ती धान्यं किती टक्के आहेत ते कंसात छापलेलं असतं, कितीतरी वेळा तो आकडा अगदी किरकोळ निघतो. आणि त्या दुधातल्या पावडरी, ज्या आपल्या लहानपणापासून उंची आणि बुद्धी वाढवतायत, त्यांच्याबद्दल 2024 च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सांगितलं की असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' या गटातून काढा, कारण आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात हेल्थ ड्रिंक नावाची गोष्टच नाही. बातमी आली, दोन दिवस फॉरवर्ड झाली, आणि डबे परत ट्रॉलीत पडायला लागले.

काही जण विचारतात की साखर-मीठ-तेल घरच्या खाण्यातही असतंच की, मग पाकिटातल्यात वेगळं काय. यावर एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत केविन हॉल नावाच्या संशोधकाने 2019 साली तो प्रसिद्ध केला. 20 माणसांना संशोधन केंद्रातच ठेवलं, दोन आठवडे कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं खाणं आणि दोन आठवडे साधं ताजं खाणं. गंमत म्हणजे दोन्हीकडे समोर ठेवलेल्या जेवणात कॅलरी, साखर, फॅट, मीठ, फायबर सारखंच होतं, आणि सांगितलं होतं की पाहिजे तेवढं खा. तर पाकिटातलं खाताना माणसं दिवसाला साधारण 500 कॅलरी जास्त खायला लागली आणि दोन आठवड्यांत जवळजवळ एक किलो वजन वाढलं, ताज्या खाण्यावर तेवढंच उतरलं. ते खाणं भराभर खाल्लं जातं, चावावं लागत नाही, पोट भरल्याचं कळायच्या आत संपलेलं असतं. म्हणून मला त्या "मनावर ताबा ठेवा" वगैरे सल्ल्यांचा राग येतो. जी वस्तू हात थांबू नये अशाच पद्धतीने बनवलीय ती घरात आणून ठेवायची आणि मग आठ वर्षांच्या पोराला ताबा शिकवायचा, हे कसं चालेल? घरात आणूच नका, एवढा सोपा उपाय आहे तो.

आणि हे काही फॅशन म्हणून सांगत नाहीये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, 2023 मध्ये आलेल्या मोठ्या पाहणीत देशात 10 कोटींवर लोकांना डायबिटीस आहे आणि 13 कोटींवर लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत असा अंदाज निघाला. तुमच्या-माझ्या घरातलीच माणसं आहेत ती.

आता पर्याय. मी सोलापूरकडचा, त्यामुळे माझं उदाहरण तिकडचंच येणार. आमच्याकडे ज्वारीची, बाजरीची कडक भाकरी असते, पापडासारखी पातळ, वाळवून ठेवलेली, चांगली ठेवली तर कितीतरी दिवस टिकते. त्यात पीठ, पाणी, मीठ, वरून तीळ. बास. शेंगाचटणी आणि दही घेतलं की पाच मिनिटांत पोटभर खाणं, गॅससुद्धा पेटवायला लागत नाही. म्हणजे टिकाऊ खाणं, झटपट खाणं, पाकिटात मिळणारं खाणं हे सगळं वाईटच असतं असं नाही. ब्राझीलचे आहार-संशोधक कार्लोस मोंतेरो यांनी खाण्यावर किती प्रक्रिया झालीय यावरून जी नोव्हा नावाची वर्गवारी मांडली तिच्यातही हाच फरक आहे: भाजणं, वाळवणं, दळणं, आंबवणं या प्रक्रिया माणूस पूर्वीपासून करत आलाय, प्रश्न आहे तो स्वयंपाकघरात कधीच नसणाऱ्या वस्तू जोडून बनवलेल्या मालाचा. पुड्यावरच्या घटकांच्या यादीत तुमच्या आजीला न कळणारी चार-पाच नावं दिसली की पुडा परत ठेवा. आता बचत गटाच्या बायका कडक भाकरी आणि शेंगाचटणी पॅक करून विकतात, पुण्यातही सहज मिळते. विकत घ्यायचंच आहे ना, मग ते घ्या.

सगळी लढाई पाच वाजताची आहे हे माझं ठाम मत. दोन वेळचं जेवण आपलं बरं आहे, घसरण होते ती मधल्या वेळच्या खाण्यात. मुलं शाळेतून येतात, आपण ऑफिसातून दमून येतो, आणि त्या वेळी हाताशी जे असेल ते पोटात जातं. म्हणून पाच वाजताचं खाणं आधी ठरलेलं पाहिजे. फुटाणे-शेंगदाणे आणि गुळाचा एवढासा खडा. चुरमुऱ्यात कांदा, टोमॅटो, मोड आलेली वाफवलेली मटकी आणि लिंबू. दडपे पोहे, याला तर शिजवायचंच काही नाही. सकाळची पोळी उरली तर फोडणीची पोळी, त्यात मूठभर मटार टाका. ज्वारीच्या लाह्या. उकडलेलं अंडं. राजगिऱ्याची वडी. हिवाळ्यात हुरडा, बोरं, पेरू, पावसाळ्यात कणीस आणि ओल्या शेंगा मीठ घालून उकडायच्या, कुकर भरून, सगळ्या घराला पुरतात. नाचणीत वजनाला वजन बघितलं तर दुधाच्या जवळपास तिप्पट कॅल्शियम आहे, तिचं सत्व दुधात शिजवून द्या, त्या चॉकलेटी पावडरीची गरज राहत नाही.

इथे एक गोष्ट पुरुषांना सांगायचीय. हे सगळं वाचून "उद्यापासून घरी हेच कर" असं बायकोला सांगणार असाल तर कृपा करून थांबा. पाकिटं घरात आली त्याचं मोठं कारण हे आहे की बाई नोकरीला गेली आणि स्वयंपाकघर तरीही तिच्या एकटीवरच राहिलं. तिने पाच मिनिटांची सोय शोधली यात तिचा काय दोष? शेंगदाणे भाजायला, मटकी भिजत घालायला, रविवारी चिवडा करायला काही वेगळे हात लागत नाहीत. आमच्याकडे भाजणं-भिजवणं-दळण हे माझ्याकडे आहे आणि मुलगी लाह्या निवडते. वाटून घेतलं की होतं.

पैशाचं पण बोलतो, कारण "हेल्दी खाणं महाग" हे सारखं ऐकायला येतं. ॲव्होकॅडो आणि चिया सीड्स महाग आहेत, कबूल. पण दहा रुपयांच्या वेफर्सच्या पाकिटावर वजन बघा, वीस-पंचवीस ग्रॅम असतं, म्हणजे किलोला चारशे-पाचशे रुपये पडले. बटाट्याला! शेंगदाणे, फुटाणे याच्या निम्म्यापेक्षाही कमी भावात येतात आणि शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला 25 ग्रॅम प्रोटीन आहे.

गावाकडे मात्र चित्र वेगळं आहे आणि तिथे लोकांना दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. कुठल्याही वस्तीवरच्या टपरीत भाजी रोज मिळेलच असं नाही, पण पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा लटकलेल्या असतात. रोजाने शेतात जाणारी आई सकाळी रडणाऱ्या लेकराच्या हातात पाच रुपये ठेवते, कारण तिच्याकडे तेवढाच वेळ आणि तेवढाच पर्याय आहे. हे सरकारचं आणि कंपन्यांचं काम आहे. चिलीने 2016 पासून जास्त साखर, मीठ, फॅट असलेल्या पाकिटांवर समोरच काळे अष्टकोनी शिक्के मारायला लावले, लहान मुलालाही कळावं असे. आपल्याकडे अशा ठळक इशाऱ्याची नुसती चर्चा वर्षानुवर्षं चाललीय. शाळेच्या गेटपासून 50 मीटरच्या आत असला माल विकायचा नाही असा नियम 2020 मध्ये आला, तुमच्या मुलाच्या शाळेबाहेर तो पाळला जातो का ते बघा आणि पालकसभेत विचारा. एकट्याने विचारू नका, चार जण मिळून विचारा.

आणि आपलं जुनं ते सगळं चांगलं असंही मी म्हणत नाही. फरसाण हे फरसाणच आहे, गूळ म्हणजे शेवटी साखरच, साबुदाण्यात स्टार्चशिवाय फारसं काही नसतं, आणि लोणचं-पापडातलं मीठ बीपीवाल्याने मोजूनच खावं.

पाच वाजताच्या खाण्यात भाजणीचं थालीपीठही बसतं, आणि भाजणीचं प्रमाण कुणीतरी विचारणारच म्हणून आत्ताच लिहून टाकतो. ज्वारी दोन वाट्या, बाजरी एक, तांदूळ एक, हरभरा डाळ एक, उडीद डाळ अर्धी, गहू अर्धी वाटी, धणे पाव वाटी, जिरं दोन चमचे. सगळं वेगवेगळं, मंद आचेवर, खमंग वास येईपर्यंत भाजायचं, घाई केली तर बाहेरून करपतं आणि आत कच्चं राहतं. पूर्ण गार करून मग गिरणीत द्यायचं, आणि गिरणीवाल्याला सांगायचं की आधी कुणाची भाजणी झाली असेल तर त्यावरच टाका, नाहीतर ज्वारीवर, गव्हावर नको. थालीपिठात कांदा, कोथिंबीर आणि घरात असेल ती पालेभाजी चिरून घालायची, मेथी असली तर फारच छान.