पाठभेद नसलेली गोष्ट

श्रावणातल्या शुक्रवारी आमची आजी कहाणी सांगायची. पुस्तक समोर उघडे असायचे, पण तिचे लक्ष त्यात नसायचे. श्रीमंत भावाच्या पंगतीतून हात धरून उठवलेली गरीब बहीण पुढे सधन होते, भाऊ तिला मानाने जेवायला बोलावतो, आणि ती पानातला एकेक पदार्थ उचलून अंगावरच्या दागिन्यांवर ठेवते, कारण बोलावणे तिला नसून दागिन्यांना असते. छापील कहाणीत भाऊ ओशाळतो, क्षमा मागतो आणि बहीण जेवते. आजीच्या कहाणीत ती दर वर्षी जेवायचीच असे नाही. एका वर्षी ती पानावरून उठली आणि सरळ घरी गेली. "मागच्या वर्षी तर जेवली होती," असे आम्ही म्हणताच आजीने "यंदा नाही जेवली," एवढेच उत्तर दिले आणि साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी संपवून आमच्या हातावर फुटाणे ठेवले.

डिस्टोपियन, म्हणजे जुलमी राज्याचे भयाण भविष्य रंगवणाऱ्या, कादंबऱ्यांविषयी बोलताना आपण बहुधा पुस्तकांच्या होळ्या, पाळत ठेवणारे पडदे आणि मध्यरात्री दारावर पडणारी थाप यांच्याविषयी बोलतो. हे सारे भयंकर आहेच. परंतु मला त्या कादंबऱ्यांत अधिक भीती वाटते ती गोष्टी नष्ट करणाऱ्यांपेक्षा गोष्टी तयार करणाऱ्यांची, आणि त्यातही जिला पाठभेद, म्हणजे सांगण्याची दुसरी तऱ्हा, उरू दिला जात नाही अशा गोष्टीची.

जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' ही कादंबरी १९४९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील एक प्रसंग वाचक सहसा विसरतात. जुन्या नोंदी सत्तेच्या सोयीने बदलणाऱ्या सत्य मंत्रालयातला कारकून विन्स्टन स्मिथ याला बिग ब्रदर या सर्वसत्ताधीश नेत्याचे एक जुने भाषण दुरुस्त करायचे असते, कारण त्यात ज्याची स्तुती केली आहे तो माणूस आता मर्जीतून उतरला असून कधी अस्तित्वातच नव्हता असे ठरले आहे. रिकाम्या झालेल्या जागी विन्स्टन कॉम्रेड ओगिल्वी नावाचा वीर रचतो. हा ओगिल्वी तिसऱ्या वर्षी ढोल, मशीनगन आणि हेलिकॉप्टरची प्रतिकृती यांखेरीज सर्व खेळणी नाकारतो. अकराव्या वर्षी सख्ख्या काकाला पोलिसांच्या हवाली करतो. एकोणिसाव्या वर्षी नवा हातबॉम्ब तयार करतो. आणि तेविसाव्या वर्षी शत्रूची विमाने पाठीशी लागली असता गुप्त कागदपत्रांसह समुद्रात उडी घेतो, तीही आपल्याच हिंदी महासागरात. बाललीला, पराक्रम आणि शेवटी जलसमाधी! एखाद्या चरित्रकथेचा पुराणिकांना ठाऊक असलेला साचा या कारकुनाने टेबलाशी बसल्या बसल्या भरून काढला आहे. तासाभरापूर्वी कुणाच्या कल्पनेतही नसलेला हा माणूस आता ज्युलियस सीझरइतकाच खरा ठरतो, कारण पुरावा दोघांचाही कागदावरचाच.

या प्रसंगातली अस्वस्थ करणारी बाब म्हणजे विन्स्टनला हे काम मनापासून आवडते. सत्तेचा द्वेष करणारा हा माणूस गोष्ट रचताना रमतो, कारण रचण्याचा आनंद खराच असतो. ऑर्वेलने लेखक म्हणून स्वतःच्याच व्यवसायाला काढलेला हा चिमटा असावा, असे मला नेहमी वाटते. ओगिल्वीला पदक द्यावे की नाही, याचाही विन्स्टन विचार करतो आणि देत नाही, कारण पदक दिले तर इतर नोंदींत नाहक फेरफार करावे लागतील. आजीची गोष्ट तपशिलांची उधळपट्टी करते. मंत्रालयाची गोष्ट मात्र हिशेबाने चालते, कारण तिच्या बाबतीत "मागच्या वर्षी तर वेगळे सांगितले होते," असे कुणालाही म्हणता येता कामा नये.

ही केवळ कादंबरीकाराची कल्पना नव्हती. सप्टेंबर १९३२ मध्ये सोव्हिएत रशियाच्या उरल भागातल्या गेरासिमोव्का या खेड्यात पावलिक मोरोझोव्ह हा मुलगा आणि त्याचा धाकटा भाऊ यांचा खून झाला. पावलिकने स्वतःच्या वडिलांविरुद्ध सरकारकडे तक्रार केली आणि म्हणून चिडलेल्या नातेवाइकांनी त्याला मारले, अशी कथा सोव्हिएत सत्तेने उभी केली. पाठ्यपुस्तके, गाणी आणि पुतळे यांच्यामार्फत ती लाखो मुलांपर्यंत पोहोचली. पुढील काळात संशोधकांनी या कथेचे धागे उसवले, तेव्हा तिच्यातील फारसे काही टिकले नाही. '१९८४' मध्ये विन्स्टनच्या शेजारच्या पार्सन्सला त्याचीच सात वर्षांची मुलगी पकडून देते आणि कोठडीत बसलेला बाप तिचे कौतुक करतो. बापाने कौतुक करावे, इथपर्यंत गोष्ट मुरली होती.

मुरायला किती काळ लागतो, याचा अंदाज ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने आधीच बांधून ठेवला होता. त्याच्या 'रिपब्लिक'मध्ये आदर्श नगरातील नागरिकांना एक 'उदात्त असत्य' सांगावे असे सुचवले आहे: देवाने घडवताना राज्यकर्त्यांत सोने, रक्षकांत चांदी आणि शेतकरी व कारागिरांत लोखंड व पितळ मिसळले. लोक हे मानतील का, असे विचारल्यावर येणारे उत्तर असे की पहिली पिढी मानणार नाही, परंतु तिची मुले आणि त्यापुढची माणसे मानतील. मुख, बाहू, मांड्या आणि पाय यांच्यापासून माणसांचे चार वर्ण झाले, ही गोष्ट ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकली आहे, त्या समाजाला हे उत्तर समजावून सांगावे लागत नाही.

म्हणूनच १८७३ च्या 'गुलामगिरी'त जोतीराव फुले यांनी काय केले, हे मला या संदर्भात फार मोलाचे वाटते. धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादातून त्यांनी अवतारकथांची उलटतपासणी घेतली, पण गोष्टच फेकून दिली नाही. वामन आणि बळीची कथा त्यांनी पाताळात ढकललेल्या राजाच्या बाजूने सांगितली आणि "इडा पिडा जावो, बळीचे राज्य येवो" हे बायकांच्या तोंडी असलेले वाक्य साक्षीला उभे केले. त्यांच्या सर्व व्युत्पत्ती आजच्या अभ्यासकाला पटतीलच असे नाही, आणि मलाही त्या सगळ्या पटत नाहीत. तरीही ज्या गोष्टीला एकच बाजू आहे असे वाटत होते, तिला दुसरा पाठ आहे हे त्यांनी दाखवले. आणि तो पाठ त्यांना पोथीत नव्हे, तर ओवाळणीच्या ताटापाशी सापडला. जात्यावरच्या ओव्यांतली सीताही अशीच आहे. दळणाऱ्या बाईने तिच्या वनवासाला आपला सासुरवास जोडला आणि कोणत्याही मंत्रालयाची परवानगी घेतली नाही.

आज आपल्या फोनवर येणाऱ्या गोष्टींना मी याच कसोटीवर घासून पाहतो. त्या असंख्य असतात, रोज नव्या असतात, त्यामुळे एकच गोष्ट लादली जात असल्याचा भास होत नाही. परंतु फॉरवर्ड केलेला मजकूर कुणी आपल्या तोंडाने सांगत नाही. आला तसा तो अंगठ्याने पुढे ढकलला जातो, आणि तोंडातून न गेल्यामुळे त्याला कुणाचीही चव लागत नाही. "यंदा नाही जेवली," असे म्हणायची सोय त्यात नाही.

माझ्या या मांडणीला एक अडचण आहे आणि ती मी लपवत नाही. रशियन कवयित्री आना अख्मातोव्हा यांच्या मुलाला १९३८ मध्ये अटक झाली. लेनिनग्राडच्या तुरुंगाबाहेर त्या सतरा महिने रांगेत उभ्या राहिल्या आणि त्या काळात 'रेक्विएम' या दीर्घ काव्यातल्या कविता लिहीत गेल्या. कागद घरात ठेवणे धोक्याचे होते. म्हणून त्यांची लेखिका मैत्रीण लिदिया चुकोव्स्काया घरी आल्या की भिंतींना कान असतील या भयाने अख्मातोव्हा मोठ्याने चहाची वगैरे चौकशी करत आणि बोलता बोलता चिठोऱ्यावर ओळी लिहून पुढे सरकवत. चुकोव्स्काया त्या पाठ करत, कागद परत देत, आणि मग काडी ओढली जाई व तो कागद रक्षापात्रात जळे. ही कविता म्युनिकमध्ये छापली गेली १९६३ साली, आणि खुद्द सोव्हिएत देशात १९८७ साली. छापली जाण्याआधीची अनेक वर्षे ती काही माणसांच्या डोक्यात होती, आणि तिथे एका शब्दाचाही पाठभेद चालणार नव्हता. आजीने हवा तसा शेवट बदलला. चुकोव्स्काया यांनी स्वल्पविरामसुद्धा हलवला नसेल. या दोघींना मी एकाच बाजूला का धरतो, हे मला अजून नीट मांडता आलेले नाही. दोघींच्याही समोर ऐकणारे किंवा सांगणारे माणूस बसलेले होते, एवढेच तूर्त दिसते.