व्हेरिलॉग मनानं नावं ठेवत नाही

ऐरोली-महापे पट्ट्यात व्हीएलएसआय, म्हणजे चिप डिझाइन, शिकणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सॲपवर व्हेरिलॉग या हार्डवेअरचं वर्णन लिहिण्याच्या भाषेबद्दल एक मेसेज फिरतोय: ‘सिग्नलचं नाव चुकलं तर कंपायलर एरर देतोच. जेनब्लॉक१ वगैरे नावं टूल वाट्टेल तशी देतं. सिंथेसिसनंतर नाव दिसलं नाही, तर तो टूलचा बग.’ (सिंथेसिस म्हणजे कोडवरून सर्किट तयार करणं; जेनब्लॉक१ हे नाव न दिलेल्या जनरेट ब्लॉकला आपोआप मिळणारं नाव.) तिन्ही विधानं चूक आहेत, आणि पहिलं तर महागात पडणारं आहे.

एरर येतेच असं नाही. इन्स्टन्सच्या, म्हणजे डिझाइनमध्ये वापरलेल्या मॉड्यूलच्या, पोर्टला जोडलेलं नाव कुठेच डिक्लेअर केलेलं नसेल, तर व्हेरिलॉग त्या नावाची वायर आपणच तयार करतं, आणि तीही एकाच बिटाची, पोर्ट ३२ बिटांचा असला तरी. हा स्टँडर्डमधलाच नियम. महापेच्या ऑफिसात आमच्या एका ट्रेनीकडून फिफोच्या (आधी आलेला डेटा आधी बाहेर देणाऱ्या रांगेच्या) आउटपुटला ‘फिफो_फुल’ जोडताना शेवटचा एक एल राहिला. खरी वायर डिक्लेअर केलेली होती, पण तिला ड्राइव्ह करणारं कुणी उरलं नाही. सिम्युलेशनमध्ये ती झेड, म्हणजे कुणीच ड्राइव्ह न केलेली. ‘फुल नसेल तर लिही’ ही अट एक्स, म्हणजे अज्ञात, झाली, आणि इफमध्ये एक्स आला की व्हेरिलॉग एल्सकडे जातं. फिफोत काहीच लिहिलं जाईना. दोन दिवस आम्ही स्टेट मशीन तपासत बसलो. वॉर्निंग होती, पण लॉगच्या ढिगात. पोरगी रडवेली झाली. हा नियम तिला क्लासमध्ये कुणी सांगितलाच नव्हता, याचा मला अजून राग येतो.

उपाय २००१ पासून भाषेतच आहे: फाइलच्या सुरुवातीला ‘डिफॉल्ट नेटटाइप नन’. मग असं नाव तिथल्या तिथे एरर देतं. इनपुटपुढे ‘वायर’ लिहावं लागतं, तेवढं लिहा. फाइलच्या शेवटी सेटिंग पुन्हा ‘वायर’ करा, नाहीतर पुढे कंपाइल होणाऱ्या दुसऱ्यांच्या फाइली अडतात.

जेनब्लॉकचे आकडेही ठरलेले आहेत. २००५ च्या स्टँडर्डप्रमाणे स्कोपमधल्या प्रत्येक जनरेटला (अटीनुसार किंवा लूपने हार्डवेअर तयार करणाऱ्या रचनेला) १ पासून क्रमांक मिळतो, आणि त्यात नाव दिलेलेही मोजले जातात. म्हणून पहिल्याला तुम्ही नाव दिलंत तरी दुसरा जेनब्लॉक२च होतो. वर एक जनरेट-इफ वाढवला की खालचे आकडे सरकतात, टेस्टबेंचमधले (डिझाइन तपासणाऱ्या कोडमधले) पाथ तुटतात. बिगिननंतर कोलन देऊन स्वतःचं नाव लिहा.

सिंथेसिसचं म्हणाल, तर नाव न दिसणं हा बग नाही: व्हिवाडो हे सिंथेसिस टूल ‘काउंट’च्या फ्लिपफ्लॉपला (एक बिट साठवणाऱ्या घटकाला) ‘काउंट_रेग’ म्हणतं, आणि मधल्या वायरी ऑप्टिमायझेशनमध्ये जातात. डीबगला एखादी हवीच असेल तर तिला ‘कीप’ ॲट्रिब्यूट लावा.

ज्यांनी मेसेज पाठवलाय त्यांनी कृपया दुरुस्तीही पाठवावी. मुलं तो पाठ करून इंटरव्ह्यूला जातायत.