परसात भराव टाकण्यापूर्वी

आज सकाळी शेजारचा मुलगा फावडे मागायला आला. त्याच्या परसातला चिकू त्याच्या आजोबांनी लावलेला आहे. त्याच झाडाच्या बुंध्याला टेकवून त्याने दोन ट्रॉली माती ओतून घेतली आहे. तिच्यावर लॉन अंथरायचे आणि कडेने पेव्हर ब्लॉक बसवायचे, असा दोन दिवसांचा बेत आहे. "अरे, बुंधा गाडू नकोस," एवढेच मी म्हणालो. त्याने मोबाइल पुढे केला. "काका, व्हिडिओत सगळं दाखवलंय." फावडे दिले, पण तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही.

चार वर्षांपूर्वी मे महिन्यात मी नेमके हेच केले होते. सांगलीच्या विश्रामबागेत आमच्या घरामागे वडिलांनी लावलेला पायरी आंबा होता. पावसाळ्यात परसात चिखल होतो म्हणून मी स्वतः भराव टाकला, कच, म्हणजे खडीचा बारीक चुरा, पसरून ब्लॉक बसवले आणि आंब्याभोवती कट्टा बांधून तोही मातीने भरला. काळ्या मातीला तेव्हा हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. त्या बुजवल्या की काम झाले, असे मी समजलो. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसते, हे आपल्याकडे रान पाहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. वळीव झाला, मधले ब्लॉक वर उचलले गेले, कडेचे खचले आणि सगळे पाणी स्वयंपाकघराच्या जोत्याकडे वळले. त्या पावसाळ्यात आई ओल आलेल्या भिंतीपासून धान्याचे डबे हलवत राहिली, मला एका शब्दानेही बोलली नाही.

दुरुस्तीला आलेल्या गवंड्याने पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी काढली. घराकडची बाजू गटाराकडच्या बाजूपेक्षा चार बोटे खाली निघाली. "दादा, पाणी कुठनं निघतंय ते आधी बघायचं, मग फरशीचं," एवढेच तो म्हणाला. मग त्याने काळी माती दीड फूट उकरून काढली, मुरूम थराथराने भरून पाणी मारत धुमसाने ठोकला आणि दर दहा फुटांना दीड इंच उतार दिला. ते ब्लॉक आजवर हललेले नाहीत.

कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ४० फुटांवर गेले की इशारा आणि ४५ फुटांवर गेले की धोका, हे सांगलीतल्या शाळकरी पोरांनाही पाठ असते. २०१९ सालचा पूर पाहिलेली आपण माणसे, आणि स्वतःच्या परसातले पाणी कुठे वाहते हे पाहायला आपल्याला पाच मिनिटे मिळू नयेत? ज्यांना आपली माती माहीत नाही, आपला वळीव माहीत नाही, त्यांचे व्हिडिओ पाहून आपण वाडवडिलांच्या झाडांवर माती ओततो, याचा मला मनापासून संताप येतो. स्वतःच्या हाताने काम करण्यात आनंद असतो आणि गवंड्याची मजुरी प्रत्येकाला परवडत नाही, हे मान्य आहे. पण उतार पाहायला एक नळी पुरते.

आंब्याचे मात्र कोणालाच काही करता आले नाही. बुंधा मुळांकडे जिथे रुंदावतो तो भाग उघडा राहावा लागतो. तो गाडला गेला की साल सतत ओली राहून कुजते, आणि वरच्या भरावामुळे मुळांना हवा मिळत नाही. हे लवकर दिसत नाही, हेच वाईट. पहिल्या वर्षी मोहर भरभरून आला आणि मी समाधानात राहिलो. दुसऱ्या वर्षी शेंड्याकडून फांद्या वाळू लागल्या. कट्टा फोडला तेव्हा खालची साल बोटाने सुटून येत होती आणि तिला आंबूस वास येत होता. वडील असते तर त्यांनी भरावाची पहिली पाटीच अडवली असती.

सकाळी त्या मुलाशी मी जरा तुटक बोललो, ते बरे झाले नाही. तोही घर चांगले दिसावे म्हणूनच राबतो आहे. संध्याकाळी कंपाउंडवरून पाहिले, चिकूभोवतीची माती तशीच आहे. उद्या सकाळी, त्याने बोलावले नाही तरी, मी घमेले घेऊन जाणार आहे आणि बुंध्याभोवतीची माती आम्ही दोघे मिळून काढणार आहोत.